दर्याची ओटी

पहिल्या घावाला नारळाला नुसती चीर गेली. जेटीवर ओळीने उभ्या असलेल्या बायका हसल्या.

"वैनी, नारळ फोडतंस की गोंजारतंस?" बाबी तारी म्हणाला. आमच्या होडीवरचा तो सगळ्यात जुना खलाशी. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून विडी ओढत होता.

"तुझ्या टकलार मारून बघू? एका घावात फुटात."

मोतीराम हसला. मोतीराम माझा नवरा, होडी चालवणारा तांडेल. सकाळीच घाईघाईत दाढी केली होती, हनुवटीवर ब्लेडचा काप होता आणि त्यावर त्याने वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला होता. मी त्याला दोनदा सांगितलं होतं, तो कपटा काढा म्हणून. काढला नव्हता.

दुसऱ्या घावाला नारळ फुटला. पाणी होडीतल्या मासळीच्या खणाच्या झाकणावर सांडलं आणि फळ्यांच्या फटींतून आत झिरपलं. सासूने माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला. "ह्या वर्षी तरी ओटी लागू दे गे माये," ती पुटपुटली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती. हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं, पण सासूला ते देवाला परत परत सांगावं लागायचं.

घटस्थापनेची सकाळ होती. ऊन वर आलं होतं, वारा पडला होता. पहाटेचा जमिनीवरचा मतलई वारा थांबला होता आणि समुद्रावरचा खारा वारा अजून सुटला नव्हता. होडी जेटीला लागलेली, पाणी तेलासारखं.

आमच्या शिरकुंडी बंदरात एक रीत होती. जाळं न टाकता मासळी आपणहून वर आली, तर ती दर्याची ओटी. ती परत टाकायची नाही. तिला बर्फ लावायचा नाही. होडीच्या पोटात मासळीचा जो खण असतो त्यात ती भरायची, झाकण लावायचं, सुंभाने करकचून बांधायचं. मग तांडेलाच्या बायकोने झाकणावर नारळ फोडायचा, कोयतीने सुंभ कापायचा. तांडेलाने स्वतः खणात उतरून पहिला मासा काढायचा आणि तिच्या पदरात घालायचा. तोवर झाकणाला कोणी बोट लावायचं नाही.

ही मासळी चतुर्दशीच्या संध्याकाळी भरली होती. मधला दिवस सर्वपित्री अमावास्येचा. आज प्रतिपदा. खण पावणेदोन दिवस बंद होता.

ती चतुर्दशी मी विसरणार नाही. त्या भादव्यात महिनाभर जाळी रिकामी येत होती. वीस वाव खोल पाण्यात जाळं ओढलं तर वर यायचा काळा चिखल आणि मेलेले शिंपले. आणि त्या दिवशी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पुरुषभर पाण्यात, गोबरे, तांबोशी, राणे, वागळी सगळी एकदम वर आली. तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होती. खेकडे नांगराच्या दोरावरून एकमेकांना तुडवत वर चढत होते. बायका लुगड्यांचे पदर सोडून त्यांची झोळी करून पाण्यात शिरल्या. पाणी इतकं गार की नडग्या ठणकल्या.

मी एका गोबऱ्याला हात लावला. माशाला हात लावला की मासा पळतो. तो पळाला नाही. हाताला टेकून राहिला, जसं आजारी माणूस भिंतीला टेकतं. मला भीती वाटली. पण अख्खं गाव हसत होतं, म्हणून मीही हसले.

तसं मला एकटीला हसायचं कारण नव्हतं. मला कोणीतरी आधी सांगून ठेवलं होतं.

त्याच्या पंधरा दिवस आधी केंकरे बाई आमच्याकडे राहून गेली होती. समुद्राचं पाणी तपासणारी. उंच, काळीसावळी, केस पुरुषासारखे कापलेले. तिने तीन दिवस आमची होडी भाड्याने घेतली होती. ही एकटी बाई चार पुरुषांत, म्हणून मोतीरामने तिच्या सोबतीला मलाही होडीवर घेतलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सासू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

केंकरे बाई दोराला बाटली बांधून खाली सोडायची, खाली गेल्यावर तिचं तोंड आपोआप मिटायचं. वीस वावांवरून एकदा तिने तळाचा चिखल वर आणला आणि बरणी माझ्या नाकाशी धरली.

"हुंगा."

"नासक्या अंड्याचो वास," मी म्हटलं.

"ह्या पाण्यात प्राणवायू उरलेलाच नाही. मासा यात सापडला की गुदमरतो."

माझा दीर लवू फिस्सकन हसला. "मासो पाण्यात गुदमारता? मगे माणूस वाऱ्यात गुदमारतलो."

"गुदमरतो की. बंद विहिरीत उतरलेली माणसं मेलेली ऐकली नाहीस?"

मोतीरामला मात्र त्यात रस वाटला. "पण ह्या पाणी इला खयसून?"

मी तेव्हा ताटल्यांत पेज वाढत होते. बाईने आपली ताटली पुढे घेतली आणि वरच्या सायीवर तिरकी फुंकर मारली. साय पलीकडच्या काठाला सरकली, आणि अलीकडच्या काठाला खालचं भात-पाणी वर आलं.

"ही फुंकर म्हणजे पावसाळ्यातला वारा. तो किनाऱ्याच्या कडेने पाणी दक्षिणेकडे ढकलतो. वरचं पाणी बाहेर, खोल समुद्राकडे सरकतं. जागा रिकामी राहत नाही, तळाचं वर चढतं. ते पाणी वर्षानुवर्षं खालीच फिरत असतं, त्याला वारा लागलेला नसतो. वरून जे जे मरून पडतं ते त्यात कुजतं, आणि कुजताना प्राणवायू खाऊन टाकतं. तुमच्या खाड्यांतून घाण गेली की आणखी खाद्य."

"मगे ता खाली कधी जाता?"

"दिवाळीच्या आसपास. प्रवाह उलटा फिरतो, वरचं ताजं पाणी किनाऱ्याकडे दाबलं जातं. तोवर मासे उथळात पळून येतात."

"पळान येणत नाय, बाई. दर्या देता."

"दर्या काही देत नाही, तांडेल. ते जीव वाचवायला येतात."

मोतीरामने घास तसाच ठेवला. "बाई, तुमी आमची पेज खातास. असां बोलू नकात."

ती ओशाळली. पण बोललेलं मागे घेतलं नाही, हे मी बघितलं.

मी अजून ती बरणी हुंगत होते. पोरकटपणा. "आता वास येणा नाय," मी म्हटलं.

तिने झटकन बरणी ओढून बूच लावलं. माझा खांदा धरून मला वाऱ्याकडे वळवलं. "वास गेलेला नाही. तुमचं नाक थकलं. हा वायू असाच लबाड आहे, वहिनी. वास येतो तोवर पळायला वेळ असतो. वास थांबला की माणसाला वाटतं, गेला. नाक मेलेलं असतं आणि मागोमाग माणूस."

"मगे तेका औषध?"

"वारा. पाण्यालाही आणि माणसालाही. दुसरं काही नाही."

हे सगळं मी ऐकलं होतं. चांगलं दोन्ही कानांनी.

तर घटस्थापनेच्या सकाळी मी कोयतीने सुंभ कापला. बाबी आणि लवूने झाकण उचललं.

वास आला तो भिंत अंगावर पडावी तसा. बायका नाकाला पदर लावून मागे सरल्या. कोणीतरी म्हणालं, "मासळी उतारली वाटता." मोतीरामने तोंड वाकडं केलं. "वरची चार पाटी गेली असतली. खालची बरी असात. बर्फासारखी गार भरल्यानी."

मी दोन श्वास घेतले, तीन घेतले. आणि वास गेला. माझ्या मनात आलं, चला, मोकळी हवा लागली, गेला. मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवते, कारण लोक विचारतात, तुला एवढं माहीत होतं तर तू त्याला अडवलं का नाहीस. मला बरं वाटत होतं, म्हणून.

मोतीराम खणाच्या शिडीवर उतरला. खण माणसाच्या उंचीहून हातभर जास्त खोल. कमरेपर्यंत आत गेल्यावर त्याने वर बघितलं. कागदाचा कपटा अजून हनुवटीवर.

"दुरपे, पदर पसर. हाताएवढो गोबरो देतंय."

"हाताएवढो म्हंजे बारको," मी म्हटलं.

बायका हसल्या. तोही हसला आणि वाकला. आणि केंकरे बाईचं वाक्य माझ्या डोक्यात आलं ते तेव्हा, त्याचं डोकं झाकणाच्या कडेखाली गेलं त्याच वेळी. मी तोंड उघडलं. शब्द निघण्याआधी खालून पचकन आवाज आला. ओल्या मासळीवर काही जड पडल्याचा. बस्स, एवढाच. ना हाक, ना धडपड.

"घसारलो," बाबी म्हणाला.

"दादा?" लवूने खणात डोकावून बघितलं. "दादा, ऊठ रे." आणि शिडी न धरता त्याने उडी मारली.

"लवू, नको," मी ओरडले. उशीर झाला होता. त्याने भावाच्या काखेत हात घातले, त्याला अर्धवट उचललं, आणि जोर लावायला एक मोठा श्वास घेतला. तो श्वास मी बघितला. छाती फुगली आणि तशीच त्याचे डोळे वर गेले. तो उताणा पडला, झाकणाच्या बरोबर खाली, तोंड आमच्याकडे. मोतीराम त्याच्या हातातून सुटून खणाच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला सरकला, तोंड मासळीत.

जेटीवर आरडाओरडा सुरू झाला. बाबी तारीने विडी टाकली, सदरा काढला आणि एक पाय खणात घातला.

मी आडवी आले. हातात कोयती होतीच.

"वैनी, बाजूक हो."

"बाबी, उतारलंस तर मरशील."

"दोघे खाली पडले हत. बाजूक हो गो."

"खाली वारो नाय. जो उतारतलो तो मरतलो. माका म्हायती आसा."

"तुका काय म्हायती आसा? बाजूक हो." त्याने मला ढकलायला हात पुढे केला. मी कोयती मारली. धाक दाखवायला नाही, खरीच मारली. त्याच्या कोपराखाली वीतभर चिरलं आणि रक्त माझ्या नव्या लुगड्यावर उडालं. बाबी माझ्याकडे बघत राहिला. एवढा पाच हात पुरुष, लहान पोराने बघावं तसा.

"पुढचो घाव मानेवर," मी म्हटलं.

सासूने मागून माझे केस धरले. म्हातारीच्या अंगात कुठून एवढं बळ आलं देव जाणे. "सोड तेका. सोड गे वांझोटे. माझे दोन झिल खाली हत. बाबी, उडी मार. तुझ्या पाया पडतंय, उडी मार."

मी केस सोडवले नाहीत. ती ओढत होती आणि मी खणाच्या तोंडावर दोन पाय रोवून उभी होते. मला खाली लवूचं तोंड दिसत होतं. ओठ निळे पडत चालले होते. माझ्याही मनात आलं, उडी मार. सगळे बघतायत, नवरा खाली आहे, तू कसली बायको. एक श्वास रोखून धर, काढ त्याला. हे जे मनात येतं ना, तेच माणसाला मारतं. लवूला त्यानेच पाडलं.

"ताडपत्री काढ," मी बाबीला म्हटलं. "मासळीवर घालतस ती मोठी. चौघे चार कोपरे धरा. खणात वारो मारा."

"वैनी, तुका याड लागला?"

"ताडपत्री काढ, आवशीक खाव तुझ्या, नायतर हयच दुसरो हात तोडतंय."

त्याने काढली. चौघांनी धरली. लोहाराचा भाता हलतो तशी ती वर करायची आणि खणाच्या तोंडावर दाबून खाली आणायची. वर, खाली. वर, खाली. प्रत्येक वेळी आतून तो गार, ओला हवेचा लोट तोंडावर यायचा आणि त्याला कसलाही वास नव्हता. त्या बिनवासाच्या हवेची मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही. मी सगळ्यांना ओरडून सांगत होते, तोंड फिरवा, वाऱ्याकडे फिरवा. पण वारा होताच कुठे. शिडाच्या काठीवरचं निशाण मेलेल्या कावळ्यासारखं लटकत होतं.

"आकडी आण," मी म्हटलं. नांगराचा दोर ओढायची ती लांब बांबूची आकडी. बाबीने एका हाताने आणून दिली, दुसऱ्या हाताने रक्त गळत होतं. मी पोटावर पालथी पडले, श्वास रोखला आणि आकडी खाली सोडली. पहिल्यांदा ती लवूच्या सदऱ्यात अडकली आणि सदरा फाटला. बाहेर येऊन श्वास घेतला. दुसऱ्यांदा त्याच्या चामड्याच्या पट्ट्यात अडकली.

"ओढा."

पट्ट्याने कमरेतून दुमडलेला लवू वर आला, गोणीसारखा. त्याला जेटीवर उताणा टाकला. सासूने माझे केस सोडले आणि त्याच्यावर पडली.

"तिका बाजूक करा. तेका वारो लागू दे."

कोणीतरी त्याच्या छातीवर हात दाबायला लागलं, कोणी तोंडात फुंकायला लागलं. बाबीचा भाऊ टेम्पो आणायला धावला. मी परत पालथी पडले. मोतीराम आत होता, आकडीच्या टोकापासून दीड हात पलीकडे. त्याचा पाय दिसत होता. तळव्याला चिकटलेला नारळाचा तुकडा दिसत होता. आकडी पोहोचत नव्हती.

"मी जातंय," बाबी म्हणाला. हळू म्हणाला. "दोर बांध माका आणि सोड. श्वास घेणत नाय. वैनी, मी श्वास घेणत नाय."

"घेतलंस तर?"

त्याने दोर कमरेला गुंडाळायला घेतला.

"घेतंस तू. लवू पण घेणा नव्हतो."

मोतीरामचा पाय मला दिसत होता आणि मी बाबीला नाही म्हटलं. तीनदा विचारलं त्याने. तीनदा नाही म्हटलं. चौघे ताडपत्री मारत होते, त्यांच्या तोंडाला फेस आला होता. मागे सासू लवूच्या नावाने आणि मोतीरामच्या नावाने आळीपाळीने रडत होती. मध्येच माझ्या नावाने.

मग निशाण हललं. एकदा हललं, परत लटकलं, मग ताठ झालं. खारा वारा सुटला होता. मी ताडपत्रीचे दोन कोपरे काठीला बांधायला लावले, दोन खणात सोडायला लावले. शिडासारखी फुगली ती. वारा तिच्यावर आपटून खाली खणात जायला लागला. मी आकडीच्या टोकाला चिंधी बांधून पेटवली आणि खाली धरली. आधी बरंच अंतर राखून, मग खोल. आमच्या घरामागच्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी माझा बापूस असा कंदील सोडायचा. चिंधी जळत राहिली. वाऱ्याने फडफडली पण विझली नाही. तरी मी थांबले. शंभरपर्यंत मोजलं. मग बाबीला दोर बांधला, तोंडावर ओलं फडकं बांधलं आणि म्हटलं, "जा."

मोतीराम वर आला तेव्हा साधारण पाऊण तास झाला होता. मी त्याचं तोंड पुसलं. हनुवटीवरचा कागद मासळीच्या चिकट पाण्याने भिजून काप उघडा पडला होता. मी तो कपटा काढला. दोनदा सांगितलं होतं.

लवू वाचला. पाच दिवस बेशुद्ध, मग उठला. अजूनही बोलता बोलता शब्द विसरतो, उन्हात गेला की डोकं धरून बसतो. पण दिवाळीनंतर ठरलेलं त्याचं लग्न वैशाखात झालं, कुंदा घरात आली, दोन पोरं झाली.

गावाने काय केलं ते सांगते. गावाने सांगितलं, दुरपीने नवऱ्याला मारला. बाबी उतरत होता, हिने कोयती चालवली. दहा मिनिटांत दोघेही निघाले असते. बाबीने तो वण बावीस वर्षं दाखवला. माडी पिऊन बसला की बाही वर करायचा, "हो बघा, मोतीरामाच्या बायलेन केल्यान." त्याला चार नातवंडं आहेत. ती त्याच्या मांडीवर बसून तो वण बघतात. त्या दिवशी तो उतरला असता तर ही मांडीच नसती, हे त्याला कधी सुचलं नाही. सासू मरेपर्यंत माझ्या हातचं जेवली, कारण दुसरं कोण वाढणार होतं, पण माझ्या हातून पाणी घेतलं नाही. तांब्या स्वतः भरून घ्यायची. पोलीस आले, लिहून घेऊन गेले, माझ्या बाजूचं काही विचारलं नाही. मी सांगायला लागले की दोघांतला एक टाचणी चघळत दुसऱ्याकडे बघायचा.

मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, राग आला, अजून येतो. पण त्या रागाने मी झोपेतून उठत नाही. मी उठते ती वेगळ्याच गोष्टीने, आणि ती मी आजवर कोणाला सांगितली नाही.

चतुर्दशीच्या संध्याकाळी खण भरून झाल्यावर मोतीराम घरी आला होता. पाय न धुता थेट चुलीपाशी. मी भाकऱ्या थापत होते.

"दुरपे, चल. आताच नारळ फोड."

"आता? तिन्हीसांजेक?"

"मासळी परवापर्यंत रवाची नाय. निम्मी आधीच मेलेली भरल्यानी. आताच काढून बर्फात घालूया. आणि..." तो थांबला. "ती बाई बोलली ना, ता डोक्यातसून जाणा नाय."

"बाई बोलली म्हणान रीत मोडतलास?"

"रीत मोडूक नाय. नारळ फोडूक सांगतंय."

मी तवा उतरवला. मला अजून आठवतं, हाताला पीठ होतं आणि मी ते पदराला पुसलं. "पितरांच्या पंधरवड्यात, अमावास्येच्या तोंडार भरलेली ओटी मी पदरात घेवची नाय. नऊ वर्षां झाली. असलाच कायतरी आडवा येता म्हणान माका पोर नाय. परवा घट बसतले. परवा घेतंय."

माझ्याशी त्याने कधी वाद घातला नाही त्या एका गोष्टीवरून. त्याला माझी दया यायची, हे मला माहीत होतं, आणि मी ते वापरलं.

"बरां," तो म्हणाला. "तुझो पदर."

आणि पाय धुवायला गेला.

सासूला हे ठाऊक होतं. ती पडवीत बसून ऐकत होती. तिने मला वांझोटी म्हटलं, नवऱ्याला खाणारी म्हटलं, कोयतीवरून तर मरेपर्यंत बोलली. ह्या गोष्टीवरून एक शब्द बोलली नाही. कारण तिच्या मते त्यात माझं चुकलं नव्हतं. अमावास्येला ओटी कोण घेतं? जे मी बरोबर केलं त्यासाठी गाव माझ्यावर थुंकलं. जे चुकलं त्याला गावाने मान डोलावली.

गेल्या भादव्यात मासे परत वर आले. चतुर्दशी नाही, थेट अमावास्येच्या दुपारी. खेकडे दोरावरून चढायला लागले, पाणी गार झालं, पोरं ओरडत धावली. लवूची होडी भरली. आता तो तांडेल आहे. झाकण लावून सुंभ बांधला आणि तो जेटीवर येऊन डोकं धरून बसला. कुंदा म्हणाली, "वैनी, उद्या सकाळी घट बसले की फोडूया नारळ."

मी घरी गेले. कोयती घेतली. नारळ घेतला नाही.

होडीवर चढले तेव्हा लवूने मान वर केली. "वैनी, आज..." त्याला शब्द आठवेना. हाताने आकाशाकडे खूण केली, चंद्र नाही असं.

"म्हायती आसा माका. तू वाऱ्याकडे तोंड करून उभो रव. आणि बर्फाची गाडी बोलाव."

मी सुंभ कापला. झाकण एकटीला उचलेना, कोयतीने उचकटून अर्धं सरकवलं आणि मागे झाले. मी ताडपत्रीची गुंडाळी सोडली, एक टोक काठीला बांधलं आणि दुसरं ओढायला वळले. तर ते आधीच कोणीतरी धरलं होतं. म्हातारा बाबी तारी. बाही वर गेलेली, वण उघडा, तोंड वाऱ्याकडे.

"बांध गो," तो म्हणाला. "हात दुखता माझो."